शेवटचा दिवस पट्टदकलचा

गाडीने केलेल्या लांबच्या सहलीत फिरण्याचा शेवटचा दिवस बहुधा उरल्यासुरल्या ठिकाणांच्या वाट्याला येतो. नावाजलेली ठिकाणे तोवर पाहून झालेली असतात, मन थोडे भरलेले असते, बॅगा अर्ध्या आवरलेल्या असतात आणि परतीच्या रस्त्याचा हिशेब डोक्यात सुरू झालेला असतो. मग यादीत राहिलेली चार-पाच नावे एका दिवसात कशीबशी उरकली जातात. कर्नाटकातल्या बदामीच्या सहलीची आखणी करताना आम्ही मुद्दाम उलटे केले. ज्या स्थळाला सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत तयार नजर लागते, ते मंदिरांचे गाव पट्टदकल आम्ही शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवले. बदामी परिसरात जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता हाच क्रम आग्रहाने सुचवते: आधी ऐहोळे, मग बदामी आणि सर्वांत शेवटी, सावकाश, पट्टदकल.

आम्ही तिघे होतो: मी, माझा नवरा आणि माझ्या सासूबाई. पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, लोकापूर असे करत आम्ही बदामी गाठली होती आणि परतताना बागलकोट, विजापूर, सोलापूर हा रस्ता धरायचा होता. दिवस पौषातले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि कारखान्याकडे निघालेले, मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर जागोजागी भेटत होते. त्यांच्या मागे अडकले की घाई करून उपयोग नसतो. आईंचे गुडघे आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत, त्यामुळे सगळ्या सहलीची गती त्यांच्या पावलांनी ठरली होती, आणि शेवटच्या दिवशी तर तिघांनाही तीच गती हवीशी वाटत होती.

पट्टदकल शेवटी का, हे समजण्यासाठी आधीच्या दिवसांबद्दल थोडे सांगायला हवे. ऐहोळे हे बदामीच्या चालुक्यांच्या काळातले मंदिरबांधणीचे प्रयोगस्थान होते, असे अभ्यासक म्हणतात आणि तिथे फिरताना ते पटत जाते. लाडखान मंदिराच्या उतरत्या छपरावर दगडी फरशांच्या सांध्यांवर लांब दगडी पट्ट्या बसवल्या आहेत. लाकडी घर बांधणाऱ्या हातांनी तीच रीत दगडात वापरून पाहिली असावी, असे ते छप्पर पाहताना वाटते. दुर्ग मंदिराची मागची बाजू अर्धगोलाकार आहे आणि तिच्याभोवती खांबांची प्रदक्षिणावाट फिरते. एका गावात इतक्या वेगवेगळ्या घडणीची मंदिरे उभी आहेत की, त्या कारागिरांपुढे कोणताही ठरलेला नमुना नव्हता, हे उघड दिसते.

मेगुतीच्या टेकडीवरील जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीने रचलेला संस्कृत शिलालेख आहे. तो शके 556 मधला, म्हणजे इसवी सन 634 मधला. त्यात त्याने आपल्या कीर्तीची तुलना कालिदास आणि भारवी यांच्या कीर्तीशी केली आहे, आणि चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने 99,000 गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य मिळवले, असेही त्यात नोंदले आहे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने त्या भिंतीसमोर दोन मिनिटे थांबायलाच हवे. आई टेकडीवर येऊ शकल्या नाहीत, पण खाली उतरल्यावर त्यांनी मला त्या लेखाबद्दल सगळे पुन्हा सांगायला लावले.

बदामीला लेणी पाहिली. पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नृत्यमग्न शिव, तिसऱ्या लेण्यातला शेषावर बसलेला विष्णू आणि त्याच लेण्यातला शके 500 चा, म्हणजे इसवी सन 578 चा चालुक्य राजा मंगलेशाचा लेख, हे सारे एका सकाळीत पाहून झाले. लेण्यांत डोंगर कोरून पोकळी निर्माण केली आहे, तर ऐहोळेला दगडावर दगड रचून इमारत उभी करण्याची धडपड दिसते. या दोन्ही गोष्टी नजरेत मुरल्यावर पट्टदकलला जावे. तिथे धडपड संपलेली दिसते. आपण काय करत आहोत याची पूर्ण खात्री असलेल्या लोकांचे ते काम आहे, आणि ती खात्री ओळखण्यासाठी आधीची चाचपणी पाहिलेली असावी लागते.

बदामीहून पट्टदकल सुमारे 22 किलोमीटर आहे. आम्ही सकाळी नाश्ता करून निघालो. थंडी अजून ओसरली नव्हती, त्यामुळे गाडीच्या काचा खाली करून हळूहळू गेलो. पट्टदकलच्या मंदिरसमूहाला 1987 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने आवार स्वच्छ आणि हिरवे राखले आहे. गाव मात्र अगदी लागून आहे; भिंतीपलीकडून कोंबड्यांचा आणि शाळेत निघालेल्या मुलांचा आवाज येत असतो. चालुक्य राजांचे राज्याभिषेक जिथे होत, त्या जागेत आजही असे रोजचे जगणे चालू आहे, हे मला फार आवडले.

आवारात शिरल्यावर बहुतेक लोक सरळ विरूपाक्ष मंदिराकडे जातात, कारण ते सर्वांत मोठे आणि प्रसिद्ध आहे. आम्ही ते नंतर पाहायचे ठरवले आणि आधी काडसिद्धेश्वर, जंबुलिंग या लहान मंदिरांपाशी थांबलो. दोन्हींच्या शिखरांच्या पुढच्या बाजूला शुकनास आहे, म्हणजे अंतराळाच्या (गाभाऱ्यापुढच्या लहान दालनाच्या) डोक्यावर पुढे आलेला तो भाग, आणि त्यावर शिवाची मूर्ती कोरली आहे. जंबुलिंगच्या शुकनासावर शिव नाचतो आहे; सोबत पार्वती आणि नंदी आहेत. मंदिर लहान असल्यामुळे ही मूर्ती जमिनीवरूनही नीट दिसते. मोठ्या मंदिरांत हाच भाग इतका उंच जातो की, मान वर करून तपशील हाती लागत नाही. म्हणून लहान मंदिरे आधी पाहणे फायद्याचे ठरते: कोणता अवयव कुठे असतो, हे इथे कळते आणि पुढे मोठ्या मंदिरात तो आपोआप ओळखू येतो.

तिथून गळगनाथ. याचे शिखर उत्तरेकडच्या नागर शैलीचे आहे: खालून वर जाताना आतल्या बाजूला वळत जाणारी त्याची रेघ आणि माथ्यावर आमलक नावाचे खाचा असलेले मोठे दगडी चक्र. हे शिखर चांगल्या अवस्थेत उरले आहे. दक्षिण बाजूला अंधकासुराचा वध करणाऱ्या शिवाचे शिल्प आहे. त्यातला आवेश पाहण्यासाठी जरा वाकून आत डोकवावे लागते, पण ते चुकवू नये. आणि इथून अगदी थोड्या पावलांवर संगमेश्वर आहे, ज्याचे शिखर दक्षिणेकडच्या द्राविड शैलीत मजल्यामजल्यांनी वर चढते. संगमेश्वर विजयादित्य राजाने बांधवले. त्याची कारकीर्द इसवी सन 696 ते 733 अशी आहे आणि मंदिराचे मूळ नाव त्याच्याच नावावरून विजयेश्वर असे होते. याच्या शिखराला शुकनास नाही, हे आम्हाला लगेच जाणवले. अर्ध्या तासापूर्वी जंबुलिंगपाशी थांबल्याचा हा फायदा.

गळगनाथ आणि संगमेश्वर यांच्या मधल्या हिरवळीवर आम्ही बराच वेळ बसलो. एका बाजूला वळणदार शिखर, दुसऱ्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांचे, आणि दोन्ही त्याच नदीकाठच्या, त्याच रंगाच्या दगडाची. पाठ्यपुस्तकात नागर आणि द्राविड शैलींचा परिचय दोन वेगळ्या पानांवर होतो आणि त्या जणू दोन वेगळ्या देशांत वाढल्या, असा समज घेऊन आपण मोठे होतो. इथे त्या शेजारणी आहेत. चालुक्यांचे राज्य नर्मदेपासून कांचीच्या सीमेपर्यंतच्या घडामोडींशी जोडलेले होते, त्यामुळे उत्तर आणि दक्षिण दोन्हींकडचे ज्ञान या दरबारात येत होते आणि दोन्हींना जागा मिळत होती. आईंनी विचारले, “मग यांच्यात कोणती चांगली असे काही त्यांना वाटत नसेल का?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, पण दोन्ही शैलींची मंदिरे इतक्या जवळ आणि इतक्या निगुतीने बांधणाऱ्या लोकांना त्यांपैकी एक कमी वाटत असेल, असे मला तरी वाटत नाही.

उन्हे थोडी वर आल्यावर आम्ही विरूपाक्षाकडे वळलो. हे मंदिर दुसऱ्या विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिने कांचीच्या पल्लवांवरील विजयाच्या स्मरणार्थ इसवी सन 740 च्या सुमारास उभारले. तिच्या नावावरून ते लोकेश्वर म्हणून ओळखले जाई. या विजयाची कथा मला फार महत्त्वाची वाटते. साधारण शंभर वर्षांपूर्वी, 642 मध्ये, पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मन याने बदामी जिंकून घेतली होती आणि आपला लेखही तिथे कोरून ठेवला होता. विक्रमादित्य कांचीत विजेता म्हणून शिरला तेव्हा त्याच्याजवळ परतफेडीचे कारण तयार होते. तरीही त्याने कांचीच्या कैलासनाथ मंदिराची संपत्ती मंदिराला परत दिली आणि तशी नोंद करणारा कन्नड लेख त्याच मंदिरात कोरवला. शत्रूच्या राजधानीतले मंदिर पाहून, त्याचा मान राखून परतलेल्या राजाच्या राणीने आपल्या नदीकाठी हे मंदिर उभारले, आणि त्याच्या घडणीत दक्षिणेकडची छाया स्पष्ट दिसते. युद्धातून आलेली ही सर्वांत चांगली गोष्ट म्हणावी लागेल.

मंदिर पूर्वाभिमुख आहे; समोर मलप्रभा वाहते. ही नदी इथे उत्तरेकडे वाहते आणि त्यामुळे या ठिकाणाला पूर्वीपासून पवित्र मानले गेले. आवाराला भिंत, भिंतीला लागून लहान देवळ्या, पूर्वेला आणि पश्चिमेला दरवाजे, मग स्वतंत्र नंदीमंडप आणि त्यात काळ्या दगडाचा मोठा नंदी. नंदीच्या पाठीवर वस्त्र पांघरलेले असते आणि समोर फुले असतात, कारण विरूपाक्षात आजही नित्य पूजा चालते. तेराशे वर्षांच्या जवळ जाणाऱ्या या इमारतीत पुजारी सकाळी दिवा लावतात. आईंसाठी ही गोष्ट इतर सगळ्या माहितीहून मोठी होती. आम्ही शिल्पे पाहत असताना त्या सभामंडपात एका खांबाला टेकून शांत बसल्या आणि नंतर म्हणाल्या, “तुम्ही दोघे फिरा हवे तेवढे, मला इथून हलवू नका.”

आम्ही खरोखर हवे तेवढे फिरलो. सभामंडपाला पूर्व, उत्तर आणि दक्षिण अशा तीन दिशांना द्वारमंडप आहेत, त्यामुळे आत प्रकाश तीन बाजूंनी येतो. शिवाय भिंतींत दगडी जाळ्या बसवल्या आहेत आणि त्यांची नक्षी एकमेकींपासून वेगळी आहे. भक्कम चौकोनी खांबांवर आडव्या पट्ट्यांत कथा कोरल्या आहेत. रावणाशी झुंजणारा जटायू एका पट्टीत दिसतो, शरशय्येवरचा भीष्म दुसऱ्या. पट्ट्या लहान आहेत आणि आत उजेड मंद आहे, त्यामुळे पहिल्या फेरीत खांब केवळ कोरीव दिसतात. दुसऱ्या फेरीत एखादी आकृती ओळखू येते आणि मग तिच्या आधारे शेजारच्या आकृत्या उलगडतात. माझ्या नवऱ्याने एका खांबासमोर खाली बसून सगळी गोष्ट डावीकडून उजवीकडे लावून दाखवली, तेव्हा मला कळले की, मी तीच पट्टी दोनदा पाहून पुढे गेले होते. घाईत आलेल्या गटांना इथे मिळणारा वेळ जेमतेम पहिल्या फेरीला पुरतो. त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. मंदिर त्यांच्यासमोरही तेच असते, पण ते त्यांना दिसण्याआधीच निघावे लागते.

बाहेरच्या भिंतींवर शिवाची अनेक रूपे कोनाड्यांत उभी आहेत. पूर्वेच्या द्वारमंडपाजवळचा लिंगोद्भव, म्हणजे लिंगातून प्रकट होणारा, शिव पाहण्यासाठी सकाळची वेळ उत्तम, कारण तेव्हा ऊन सरळ त्या बाजूवर पडते. दुपारनंतर तीच बाजू सावलीत जाते आणि दगड सपाट दिसू लागतो. वालुकाश्मावरचे काम पाहायचे असेल तर तिरपे ऊन हवे, हे मला या सहलीत पक्के कळले.

मला सर्वांत भावले ते इथले लेख. पूर्वेकडच्या दरवाजापाशी असलेल्या लेखात मंदिराच्या सूत्रधाराचे, म्हणजे मुख्य स्थपतीचे, नाव आहे: गुंड, ज्याला अनिवारिताचारी असे म्हटले आहे. त्याला त्रिभुवनाचारी ही पदवी दिल्याची नोंद आहे. आणखी एका लेखात असे म्हटले आहे की, विजयादित्याने गायकांना दिलेले हक्क लोकमहादेवीने कायम केले. अचल नावाच्या नर्तकाची स्तुती करणारा लेखही इथे आहे, ज्यात भरताच्या नाट्यपरंपरेचा उल्लेख येतो. राजाचे नाव दगडावर असणे स्वाभाविक आहे. इथे बांधणाऱ्याचे, गाणाऱ्यांचे आणि नाचणाऱ्याचे स्मरण राजाच्या शेजारी कोरून ठेवले आहे, आणि ते वाचल्यावर सभामंडप रिकामा वाटेनासा होतो. या खांबांमध्ये कोणीतरी खरोखर गायले होते.

विरूपाक्षाला लागूनच मल्लिकार्जुन आहे. ते लोकमहादेवीची धाकटी बहीण त्रैलोक्यमहादेवी हिने बांधवले. दोघी हैहय कुळातल्या, दोघी एकाच राजाच्या राण्या, आणि दोघींची मंदिरे शेजारी-शेजारी. आराखडा जवळजवळ तोच, आकार थोडा लहान. शिखराचा माथा पाहिला की फरक लगेच लक्षात येतो: विरूपाक्षाचा चौकोनी, मल्लिकार्जुनाचा गोल. आतल्या खांबांवर कृष्णाच्या बाललीला आहेत. विरूपाक्षात वेळ घालवल्यावर इथे थोडा वेळ पुरतो, पण हा माथ्याचा फरक दोन्ही मंदिरे एकत्र दिसतील अशा जागी मागे सरून जरूर पाहावा. जवळच दुसऱ्या कीर्तिवर्मनच्या काळातला, इसवी सन 754 चा स्तंभलेख आहे. त्यातला मजकूर उत्तरेकडच्या लिपीत आणि तेव्हाच्या कन्नड लिपीत, अशा दोन लिप्यांत कोरला आहे. शिखरांत जे दिसते तेच अक्षरांतही दिसते. या लेखाच्या आसपासच्या वर्षांतच राष्ट्रकूट दंतिदुर्गाने चालुक्यांची सत्ता संपवली.

पापनाथ मंदिर थोडे दूर, नदीच्या काठाने दक्षिणेला आहे. आई तिथपर्यंत चालत आल्या, मध्ये दोनदा बसून. मंदिर लांबट आहे आणि त्याची घडण दोन्ही शैलींची सरमिसळ करते: शिखर नागर, भिंतींवरचे काही घटक दक्षिणेकडचे. इतर मंदिरांत जो आत्मविश्वास दिसतो, तो मला इथे जरा कमी वाटला. दोन मंडप एकामागोमाग जोडल्याने इमारत ताणलेली दिसते. पण दक्षिणेच्या भिंतीवरचा रामायणाचा पट मात्र अप्रतिम आहे. आकृत्यांच्या जवळ पात्रांची नावे कोरलेली आहेत, आणि हे शिल्पकार आपल्याला गोष्ट समजावी म्हणून किती काळजी घेत होते, हे त्यातून दिसते. वानर, राक्षस, सेतू, सगळे ओळखता येते. आईंनी या भिंतीसमोर उभे राहून आम्हाला क्रमाने प्रसंग सांगितले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही दोघे फक्त ऐकत होतो.

दुपारी भूक लागल्यावर आवाराबाहेर टोपली घेऊन बसलेल्या एका मावशींकडून ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही घेतले. इथल्या भाकऱ्या दोन प्रकारच्या मिळतात, मऊ आणि कडक, आणि कडक भाकरी दह्याबरोबर फार छान लागते. मावशींना मराठी कळत होते. बनशंकरीच्या यात्रेला महाराष्ट्रातून पुष्कळ माणसे येतात, असे त्यांनी सांगितले. बदामीजवळची बनशंकरी ही कितीतरी मराठी घरांची कुलदेवता आहे आणि तिची मोठी यात्रा पौषातच भरते. आम्ही तिचे दर्शन आदल्या दिवशी घेतले होते.

जेवणानंतर परतीच्या वाटेवर महाकूटला गेलो. खरे तर दिवस पट्टदकलसाठीच होता, पण महाकूट वाटेत थोडे आत आहे आणि तिथे करण्यासारखी मुख्य गोष्ट बसून राहणे ही आहे, त्यामुळे दिवसाची चाल बिघडली नाही. डोंगराच्या कुशीत, मोठ्या झाडांच्या सावलीत देवळांचा हा समूह आहे आणि मध्यभागी झऱ्याच्या पाण्याने भरलेली विष्णुपुष्करिणी. गावातली मुले तिच्यात उड्या मारत होती. पाण्यातच एक लहान मंडप आहे आणि त्यात मुखे कोरलेले शिवलिंग. आम्ही पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले. इथेही नागर आणि द्राविड शिखरे एकाच आवारात आहेत, पण पट्टदकलहून आधीची आणि लहान. महाकूटेश्वर दक्षिणी घडणीचे, तर इथले संगमेश्वर (पट्टदकलच्या संगमेश्वराहून वेगळे) उत्तरी. सकाळी पट्टदकलच्या हिरवळीवर पाहिलेली जोडी इथे तिच्या लहानपणात भेटली, असे मला वाटले. महाकूटचा मंगलेशाच्या काळातला प्रसिद्ध स्तंभलेख आता विजापूरच्या संग्रहालयात आहे.

संध्याकाळी बदामीला परतून आम्ही अगस्त्य तलावाच्या काठी भूतनाथ मंदिरापर्यंत गेलो. मंदिर तलावाच्या पूर्व टोकाला आहे, त्यामुळे मावळतीचे ऊन सरळ त्याच्यावर आणि मागच्या तांबड्या कड्यावर पडते. त्याच्या आतला भाग बदामीच्या चालुक्यांचा आणि पाण्याकडे आलेला पुढचा मंडप नंतरच्या कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला आहे. तलावाच्या ईशान्येकडच्या कड्यावर कप्पे अरभट्ट नावाच्या वीराचा इसवी सन 700 च्या सुमाराचा कन्नड लेख आहे. त्यातल्या त्रिपदी छंदातल्या ओळींचा आशय असा: हा सज्जनांशी सज्जन, गोडीने वागणाऱ्यांशी गोड, आणि छळणाऱ्यासाठी मात्र साक्षात कलिकाळाहून भारी.

या ओळी मला चिनी प्रवासी ह्युएन त्संगच्या वर्णनाची आठवण करून देतात. दुसरा पुलकेशी राज्य करत असताना तो या भागात आला होता आणि महाराष्ट्रातल्या लोकांबद्दल त्याने लिहिले आहे की, उपकार करणाऱ्याचे ते उपकार विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, आणि सूड घेण्याआधी शत्रूला तसे कळवतात. एक साक्ष परदेशी भिक्षूची, दुसरी स्थानिक शिलालेखाची, दोन वेगळ्या पिढ्यांतली आणि दोन वेगळ्या भाषांतली, तरी माणूस एकाच मुशीतला दिसतो. आजच्या राज्यांच्या सीमा या कड्याला लागू पडत नाहीत. बदामीत मला परप्रांतात आल्यासारखे एकदाही वाटले नाही, त्याचे हेही एक कारण असावे.

रात्री जेवताना बोलणे वेरूळवर आले. चालुक्यांना हरवून राष्ट्रकूट सत्तेवर आले, आणि त्यांच्यातल्या पहिल्या कृष्णाच्या नावाशी जोडलेले वेरूळचे कैलास लेणे विरूपाक्षाच्या आराखड्यावर बेतले आहे, असे सर्वत्र मानले जाते. आम्ही तिघांनीही कैलास पाहिले आहे. आईंनी तर शाळेच्या सहलीत. पण आमच्यापैकी कोणालाही तिथल्या नंदीमंडपाची जागा किंवा सभामंडपाचे बाजूचे द्वारमंडप डोळ्यांसमोर आणता येईनात. लक्षात होती ती फक्त एका खडकातून वरून खाली कोरलेल्या मंदिराची भव्यता. आता तिथे पुन्हा जायचे आहे आणि यावेळी काही ठरावीक गोष्टी पाहायच्या आहेत: आवाराची भिंत आणि तिच्यातल्या देवळ्या विरूपाक्षाशी कुठे जुळतात, नंदीमंडपाला मुख्य मंदिराशी जोडणारा पूल का लागला, शिखराचा माथा या दोन बहिणींच्या मंदिरांपैकी कोणाच्या जवळचा आहे, आणि रचलेल्या इमारतीतला खांब अखंड खडकात कोरताना कारागिरांनी काय बदलले. माझ्या नवऱ्याने पट्टदकलला काढलेली छायाचित्रे या क्रमाने लावायला त्याच रात्री सुरुवात केली. आईंनी गुडघ्यांचा विचार करून सुचवले आहे की, वेरूळला जाऊ तेव्हा मुक्काम करावा आणि कैलासला एक पूर्ण सकाळ द्यावी.